भारत–नेपाळ खुली सीमा : व्यापार, मजुरी, सुरक्षा आणि वीज यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिहारमधील रक्सौल आणि नेपाळमधील वीरगंज यांच्यामध्ये सिरसिया नदीवर मैत्री पूल आहे. या पुलावरून टांगे, सायकली, रिक्षा आणि पायी माणसे दिवसभर इकडून तिकडे जात असतात, आणि त्यांतील बहुतेकांना कोणी पासपोर्ट विचारत नाही. मालाचे ट्रक मात्र वीरगंज शहराबाहेर २०१८ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक तपासणी नाक्यावर कागदपत्रांची वाट पाहत उभे असतात. माणसाला मोकळी आणि मालाला अडवणारी अशी ही सीमा जगात फारशी कुठे आढळत नाही. तिच्याविषयी मराठी वाचकांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

खुली सीमा म्हणजे नेमके काय?

भारत आणि नेपाळ यांची सीमा सुमारे १,७५१ किलोमीटर लांब असून ती उत्तराखंड, उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि सिक्कीम या पाच राज्यांना लागून आहे. दोन्ही देशांच्या नागरिकांना ती ओलांडण्यासाठी व्हिसा लागत नाही. तराईच्या सपाट प्रदेशात कुंपण नाही. सीमास्तंभांच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा यार्डांची मोकळी पट्टी असते, तिला तिकडचे लोक 'दसगजा' म्हणतात. कागदावर ही पट्टी रिकामी असायला हवी. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तीत शेती होते, गुरे चरतात आणि टपऱ्याही उभ्या राहतात. या मोकळ्या ये-जा करण्याचा लिखित आधार म्हणून ३१ जुलै १९५० रोजी काठमांडू येथे झालेल्या शांतता व मैत्री कराराचा उल्लेख केला जातो. मात्र माणसांची ये-जा त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती, आणि आजही ती कायद्यापेक्षा वहिवाटीवरच अधिक चालते. पुढच्या बहुतेक उत्तरांत ही गोष्ट पुन्हा पुन्हा आडवी येईल.

१९५० च्या कराराबद्दल नेपाळमध्ये नाराजी का आहे?

भारताच्या वतीने राजदूत चंद्रेश्वर प्रसाद नारायण सिंह यांनी आणि नेपाळच्या वतीने वंशपरंपरेने पंतप्रधानपद सांभाळणाऱ्या राणा राजवटीचे शेवटचे पंतप्रधान मोहन शमशेर यांनी या करारावर सह्या केल्या. एका देशाचा राजदूत आणि दुसऱ्या देशाचा पंतप्रधान ही जोडी नेपाळी टीकाकारांना आरंभापासूनच खटकत आली आहे. त्यानंतर काही महिन्यांतच राणाशाही कोसळली, त्यामुळे जनतेच्या संमतीशिवाय झालेला करार हा शिक्का त्याच्यावर कायम राहिला. कराराचे सहावे आणि सातवे कलम दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहणे, मालमत्ता घेणे, व्यापार करणे आणि हिंडणेफिरणे यांबाबत सारखी वागणूक देण्याचे वचन देते. छोट्या देशाला ही समानता आपल्या जमिनीवर पूर्णपणे लागू करणे परवडत नाही, असे नेपाळचे म्हणणे आहे, आणि ते अगदीच अनाठायी नाही. दुसरीकडे, एक वर्षाची सूचना देऊन करार संपवण्याची तरतूद दहाव्या कलमात असूनही आजवर कोणत्याही नेपाळी सरकारने तिचा वापर केलेला नाही, कारण करार गेला तर भारतात कामाला असलेल्या लाखो नेपाळी माणसांचे काय, या प्रश्नाला काठमांडूकडे उत्तर नाही.

नेपाळी माल भारतात शुल्काविना येतो, तर आपल्याकडच्या सोयाबीन उत्पादकांची तक्रार कशाची आहे?

महाराष्ट्राला थेट भिडणारा हा विषय असल्यामुळे तो जरा सविस्तर सांगतो.

१९९६ च्या व्यापार कराराने नेपाळी कारखान्यांतील मालाला भारताची बाजारपेठ जवळजवळ मोकळी करून दिली. त्याचा फायदा घेऊन नेपाळमध्ये वनस्पती तूप, तांब्याच्या वस्तू आणि ॲक्रिलिक धागा यांचे उत्पादन अचानक फुगले, कारण कच्चा माल तिसऱ्या देशातून आणायचा, त्यावर थोडी प्रक्रिया करायची आणि तो भारतात विकायचा, हा धंदा फायद्याचा ठरला. म्हणून २००२ मध्ये कराराचे नूतनीकरण करताना मूल्यवर्धनाची अट, म्हणजे मालाच्या किमतीत नेपाळमध्ये किमान किती भर पडली पाहिजे हा नियम, कडक करण्यात आली आणि अशा काही वस्तूंना वार्षिक मर्यादा घालण्यात आल्या.

हीच गोष्ट खाद्यतेलाच्या बाबतीत दोन दशकांनी पुन्हा घडली. नेपाळमध्ये सोयाबीनचे उत्पादन नगण्य आहे. तरीही तेथील कारखाने परदेशातून कच्चे सोयाबीन आणि सूर्यफूल तेल आणून ते शुद्ध करतात आणि दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली शून्य शुल्काने भारतात पाठवतात. सप्टेंबर २०२४ मध्ये भारताने शेतकऱ्यांच्या हितासाठी कच्च्या खाद्यतेलावरील एकूण आयातशुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के आणि शुद्ध तेलावरील १३.७५ टक्क्यांवरून ३५.७५ टक्के केले. भिंत जितकी उंच झाली तितका मागच्या दाराचा उपयोग वाढला, आणि त्यानंतरच्या महिन्यांत नेपाळची सोयाबीन तेलाची निर्यात झपाट्याने वाढली. मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरील एकूण शुल्क पुन्हा १६.५ टक्क्यांवर आणण्यात आले.

लातूर, वाशीम किंवा अकोल्याच्या बाजार समितीत सोयाबीन घेऊन आलेल्या शेतकऱ्याला २०२४-२५ च्या हंगामात ४,८९२ रुपये क्विंटल हा हमीभाव जाहीर झालेला होता आणि बाजारातला भाव त्याच्या खाली होता. नेपाळी तेलाचा या घसरणीत वाटा होता, पण सगळा दोष त्याच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. भारत वर्षाला दीडशे लाख टनांहून अधिक खाद्यतेल आयात करतो, आणि सोयाबीनचा भाव जागतिक बाजार आणि पेंडीची मागणी यांवरही ठरतो. माझ्या मते खरा दोष नियमाच्या रचनेत आहे. माल कोठे तयार झाला हे ठरवणारी कसोटी कागदी प्रमाणपत्रावर भागत असेल, तर शुल्क कितीही वाढवले तरी त्याची धार बोथटच राहते.

कांद्याच्या निर्यातबंदीचा नेपाळशी काय संबंध?

नेपाळ आपल्या गरजेचा बहुतेक कांदा भारतातून घेतो. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ मध्ये भारताने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा लासलगावात भाव पडले म्हणून नाशिकचा शेतकरी रस्त्यावर आला आणि त्याच वेळी काठमांडूच्या कालीमाटी बाजारात भाव चढले. दिल्लीत घेतलेल्या एका निर्णयाने दोन टोकांची माणसे एकदम दुखावली. खुल्या सीमेमुळे अशा बंदीचा परिणाम आणखी चमत्कारिक होतो, कारण पोती सायकलवर लादून दसगजा ओलांडणे ही तराईत नवी गोष्ट नाही. अनुदानित युरिया याच वाटेने तिकडे जातो. २०२१ मध्ये बिहारमध्ये पेट्रोल नेपाळपेक्षा बरेच महाग झाल्यावर नेपाळी पेट्रोल कॅन भरभरून इकडे येऊ लागले. गंमत अशी की ते पेट्रोल नेपाळला विकणारी कंपनी भारताचीच, इंडियन ऑइल.

शुल्क नसले तरी ट्रक का अडतात?

कारण शुल्काची जागा आता प्रयोगशाळेच्या अहवालांनी घेतली आहे. पूर्व नेपाळच्या डोंगरातून आलेले आले ट्रकमध्ये भरून सीमेवर पोचले की त्याचा नमुना तपासणीसाठी पाठवला जातो, आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळा दूर असेल तर अहवाल येईपर्यंत ट्रक उभा राहतो. आले ओलसर असते, त्याला घाम सुटतो, खालच्या पोत्यांना बुरशी धरते, आणि मग तो शेतकरी आलेल्या पहिल्या दलालाला मिळेल त्या भावाने माल देऊन टाकतो. चहा, वेलची आणि प्लायवूड यांच्याही अशाच कहाण्या आहेत. प्लायवूडला भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र लागते. हे एकतर्फी नाही. जून २०१९ मध्ये नेपाळने भारतीय भाज्यांमधील कीटकनाशकांची तपासणी सक्तीची केली, सीमेवर ट्रकांच्या रांगा लागल्या, आणि तपासणीची पुरेशी सोयच नसल्याचे लक्षात आल्यावर निर्णय गुंडाळावा लागला.

किरकोळ खरेदीलाही कात्री लागली आहे. सीमेपलीकडच्या बाजारातून घरी परतणाऱ्या नेपाळी नागरिकाला शंभर नेपाळी रुपयांहून अधिक किमतीच्या मालावर भन्सार, म्हणजे सीमाशुल्क, भरावे लागते, आणि २०२३ पासून हा नियम कधी कडकपणे तर कधी सैलपणे राबवला गेला आहे. १९९३ पासून एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये असा दर बांधलेला आहे. त्या हिशेबाने ही मर्यादा आपल्या साडेबासष्ट रुपयांची होते. एवढ्यात धड दोन किलो साखरही येत नाही.

नेपाळला समुद्र नाही. मग त्याचा परदेशी व्यापार कसा चालतो?

मुख्यतः कोलकाता, हल्दिया आणि विशाखापट्टणम या बंदरांतून. तेथे उतरलेले कंटेनर रेल्वेने वीरगंजजवळच्या सिरसिया येथील कोरड्या बंदरात, म्हणजे समुद्रापासून दूर असलेल्या कंटेनर-तळावर, जातात. यासाठी स्वतंत्र पारगमन करार (दुसऱ्या देशातून माल नेण्याचा करार) असून जून २०२३ मधील नूतनीकरणात अंतर्देशीय जलमार्गांचाही समावेश झाला.

हा विषय नेपाळी मनाला इतका का टोचतो हे समजण्यासाठी दोन वर्षे लक्षात ठेवावी लागतात. मार्च १९८९ मध्ये व्यापार व पारगमन करार संपले आणि भारताने दोन नाके वगळता इतर पारगमन नाके बंद केले. दुसरे वर्ष २०१५. एप्रिलमधील ७.८ तीव्रतेच्या भूकंपातून देश सावरत असताना २० सप्टेंबर रोजी नवे संविधान जाहीर झाले, त्याविरुद्ध तराईतील मधेशी समाजाचे आंदोलन पेटले आणि सीमेवरची मालवाहतूक सुमारे पाच महिने विस्कळीत झाली. भारताने नाकेबंदी केल्याचे नाकारले आणि आंदोलनाकडे बोट दाखवले. काठमांडूत मात्र लाकडावर स्वयंपाक करणाऱ्या पिढीच्या स्मरणात ती नाकेबंदी म्हणूनच राहिली आहे. मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी पारगमन करार केला आणि पुढे त्याला चीनची चार सागरी बंदरे वापरण्याची मुभाही मिळाली. हिमालय ओलांडून हजारो किलोमीटर दूरच्या तियानजिन बंदरातून माल आणणे परवडणारे नाही, हे नेपाळी व्यापाऱ्यांना पक्के ठाऊक आहे. तो करार व्यापारापेक्षा राजकीय विमा म्हणून अधिक उपयोगी आहे.

कोकणातील आंब्याच्या बागांत आणि मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत काम करणाऱ्या नेपाळी माणसांचा कायदेशीर दर्जा काय?

ते बेकायदा नाहीत, हे प्रथम स्पष्ट करायला हवे. १९५० च्या करारामुळे त्यांना येथे राहण्यासाठी आणि काम करण्यासाठी परवाना लागत नाही. परंतु परवाना नाही म्हणजे नोंदही नाही, आणि अडचण येथून सुरू होते.

रत्नागिरीच्या बागांत मोहोर येण्याच्या सुमाराला नेपाळी राखणदार येतात. फवारणी, रात्रीची राखण, वानरांना हाकणे आणि मग काढणी असे चार-सहा महिने ते बागेतल्याच खोपटात काढतात. मासेमारी नौकांवर खलाशी म्हणूनही ते मोठ्या संख्येने आहेत. यांतील बरेच जण नेपाळच्या पश्चिम भागातून, अछाम, डोटी, बझांग यांसारख्या डोंगराळ जिल्ह्यांतून, रुपईडिहा, गौरीफंटा किंवा बनबसा या नाक्यांवरून येतात. आखातात किंवा मलेशियात जाणाऱ्या नेपाळी कामगाराला सरकारकडून श्रमस्वीकृती, म्हणजे परदेशात कामाला जाण्याची परवानगी, घ्यावी लागते आणि त्यासोबत विमा व कल्याण निधीचे संरक्षण मिळते. भारतात येणाऱ्याला ती लागत नाही, म्हणून ते संरक्षणही मिळत नाही. आपल्याकडचा १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुरांसाठी होता. सीमा ओलांडून स्वतःहून आलेल्याचा त्यात विचार नव्हता. परिणामी झाडावरून पडून पाय मोडला, तर पुढे काय होईल हे बागमालकाच्या चांगुलपणावर अवलंबून राहते. चांगले मालक आहेतच, पण धोरण चांगुलपणाच्या भरवशावर सोडायचे नसते.

मार्च २०२० मध्ये नेपाळने सीमा बंद केली तेव्हा या नोंद नसण्याची किंमत उघड झाली. उत्तराखंडातील धारचुला येथे शेकडो नेपाळी मजूर पुलाच्या अलीकडे अडकले आणि काहींनी पलीकडे दिसणारे आपले गाव गाठण्यासाठी महाकाली नदीत उड्या घेतल्या.

घरी पैसे पाठवण्याचा अधिकृत मार्ग आहे का?

आहे. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये भारत–नेपाळ रेमिटन्स योजना सुरू केली आणि २०२१ मध्ये एका वेळी पाठवता येणाऱ्या रकमेची मर्यादा पन्नास हजारांवरून दोन लाख रुपये केली. रोख रक्कम घेऊन बँकेत जाणाऱ्यासाठी मर्यादा पन्नास हजारांचीच राहिली. ज्याचे खातेच नाही तो अजूनही गावाकडे निघालेल्या सोबत्याच्या हाती पैसे देतो.

भारतीय सैन्यातील नेपाळी गोरखांची भरती का थांबली आहे?

नोव्हेंबर १९४७ मधील भारत, ब्रिटन आणि नेपाळ यांच्या त्रिपक्षीय कराराने दहा गोरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे आणि चार ब्रिटनकडे गेल्या. कोविडमुळे २०२० पासून नेपाळमधील भरती बंद पडली. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. तीत चार वर्षांची सेवा आणि त्यानंतर फक्त २५ टक्के जवानांना कायम ठेवण्याची तरतूद आहे. ही योजना १९४७ च्या करारात बसत नाही, अशी भूमिका नेपाळने घेतली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये भरती पुढे ढकलण्याची विनंती केली. नेपाळला दोन चिंता आहेत. एक म्हणजे निवृत्तिवेतन, ज्यावर डोंगरातली गावेच्या गावे उभी राहिली. दुसरी उघडपणे कमी बोलली जाते : शस्त्रांचे प्रशिक्षण घेऊन पंचविशीच्या आत गावी परतलेल्या बेरोजगार तरुणांचे करायचे काय? दशकभराचे माओवादी बंड सोसलेल्या देशाची ही भीती समजण्यासारखी आहे.

सुरक्षेचा धोका असेल तर सीमा बंद का करत नाहीत?

धोका खरा आहे. २४ डिसेंबर १९९९ रोजी इंडियन एअरलाइन्सचे आयसी ८१४ हे विमान काठमांडूहून निघाल्यावरच पळवले गेले. ऑगस्ट २०१३ मध्ये इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेचा यासीन भटकळ नेपाळ सीमेजवळ पकडला गेला. सप्टेंबर २०२५ मधील तरुणांच्या उठावात नेपाळच्या तुरुंगांतून हजारो कैदी पळाले, तेव्हा सीमेवर सशस्त्र सीमा बलाने अनेकांना अडवले. हे दल २००१ पासून या सीमेवर तैनात आहे.

पण कुंपण घालणे हा उपाय नाही, असे सीमेवर राहणारा कोणीही सांगेल. लग्नसंबंध, शेती, शाळा आणि दवाखाने दोन्ही बाजूंना वाटलेले आहेत. शिवाय सर्वांत गंभीर गुन्हा, म्हणजे मुली आणि मुले यांची तस्करी, बहुधा उघड रस्त्याने, ओळखीच्या माणसासोबत, तिकीट काढून होते. ती ओळखायला सीमेवर प्रश्न विचारणारी प्रशिक्षित माणसे लागतात; काटेरी तार तेथे काही करू शकत नाही. प्रत्यार्पण करार १९५३ चा आहे आणि तो आजच्या गुन्ह्यांना पुरा पडत नाही. त्याचे अद्ययावतीकरण हे कुंपणापेक्षा स्वस्त आणि अधिक उपयोगी काम आहे.

लिपुलेखचा वाद या सगळ्यात कोठे बसतो?

१८१६ मध्ये अमलात आलेल्या सुगौली कराराने काली (म्हणजेच महाकाली) नदी ही नेपाळची पश्चिम सीमा ठरवली. नदीचा उगम कोणता यावर वाद आहे. मे २०२० मध्ये भारताने हिमालयातील लिपुलेख खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्याचे उद्घाटन केले, नेपाळने कालापानी, लिपुलेख आणि लिंपियाधुरा आपल्या हद्दीत दाखवणारा नकाशा काढला आणि जूनमध्ये तो संविधानात घातला. संविधानातला नकाशा मागे घेणे कोणत्याही नेपाळी पक्षाला शक्य नाही, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारत व चीन यांनी लिपुलेखमार्गे व्यापार पुन्हा सुरू करण्याचे ठरवल्यावर नेपाळने अपेक्षेप्रमाणे हरकत घेतली.

विजेच्या बाबतीत मात्र प्रगती झाली, ती कशी?

महाराष्ट्राने भारनियमन पाहिले आहे, पण काठमांडूने एके काळी हिवाळ्यात दिवसाला सोळा तास अंधार सोसला. आज तोच देश पावसाळ्यात वीज निर्यात करतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये वीज व्यापार करार झाला, २०१६ मध्ये नेपाळमधील ढल्केबर आणि बिहारमधील मुझफ्फरपूर यांना जोडणारी वीजवाहिनी सुरू झाली आणि पुढे ती ४०० किलोव्होल्ट क्षमतेने चालू लागली. २०२१ मध्ये ४५६ मेगावॉटचा अप्पर तामाकोशी जलविद्युत प्रकल्प कार्यान्वित झाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नेपाळला भारतीय वीज बाजारात केवळ ३९ मेगावॉट विकण्याची परवानगी मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॉटपर्यंत वीज घेण्याचा करार झाला. ऑक्टोबर २०२४ मधील त्रिपक्षीय करारानुसार भारताच्या वाहिन्यांतून नेपाळची ४० मेगावॉट वीज बांगलादेशाला, १५ जून ते १५ नोव्हेंबर या काळात, युनिटला ६.४ अमेरिकी सेंट दराने देण्याचे ठरले.

हा काळ पाच महिन्यांचाच का, याचे उत्तर नद्यांत आहे. नेपाळचे बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावर चालतात. त्यांना मोठा जलसाठा नाही. पावसाळ्यात वीज उतू जाते आणि हिवाळ्यात निर्मिती एकतृतीयांशाच्या आसपास घसरते, तेव्हा नेपाळ भारताकडूनच वीज विकत घेतो.

खटका उडतो तो चिनी सहभागावरून. ज्या प्रकल्पात चिनी गुंतवणूक किंवा चिनी ठेकेदार आहे, त्याची वीज भारत घेत नाही. भारताच्या सुरक्षेच्या दृष्टीने ही अट समजू शकते, परंतु ठेकेदाराने बांधून सोडून दिलेल्या प्रकल्पालाही ती लागू करणे मला अतिरेकी वाटते. इंधनाच्या बाबतीत असा तिढा नाही : सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या मोतिहारी–अमलेखगंज या ६९ किलोमीटरच्या नळवाहिनीने डिझेल टँकरच्या रांगांशिवाय नेपाळात पोचू लागले.

नद्यांवरचे मोठे प्रकल्प का रखडतात?

फेब्रुवारी १९९६ च्या महाकाली करारात त्या नदीवरच्या पंचेश्वर धरणाचा तपशीलवार प्रकल्प अहवाल सहा महिन्यांत ठरवायचा होता. तो अजून अंतिम झालेला नाही. सिंचनाच्या लाभाचे मोल कसे काढायचे आणि पाण्याचा वाटा कोणाचा किती, यावर गाडे अडले आहे. त्यामागे जुन्या अनुभवाचे ओझे आहे. १९५४ च्या करारानुसार बांधलेला कोसी बंधारा नेपाळच्या भूमीवर असून त्याचे व्यवस्थापन बिहार सरकारकडे आहे. १८ ऑगस्ट २००८ रोजी कुसहा येथे बांध फुटला तेव्हा दोन्हीकडची गावे बुडाली आणि दुरुस्ती कोणी का केली नाही यावर दोन्ही सरकारे भांडत राहिली.

जुने करार बदलण्यासाठी काही प्रयत्न झाले का?

झाले. २०१६ मध्ये दोन्ही देशांच्या चार-चार सदस्यांचा मान्यवर व्यक्तींचा गट नेमण्यात आला. भारतीय बाजूचे नेतृत्व भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे होते, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. नेपाळी बाजूचे नेतृत्व भेख बहादुर थापा यांच्याकडे. १९५० च्या करारापासून सीमा व्यवस्थापनापर्यंत सर्व विषय त्यांच्याकडे होते, आणि २०१८ मध्ये त्यांनी एकमताने अहवाल पूर्ण केला. तो प्रथम भारताच्या पंतप्रधानांना आणि नंतर नेपाळच्या पंतप्रधानांना सादर करायचा असे ठरले होते. पहिल्या भेटीची वेळ मिळाली नाही, त्यामुळे दुसरीही झाली नाही, आणि अहवाल अधिकृतपणे प्रसिद्ध झालेला नाही.